पावसाळ्यात सुरू होणारा रंगहंगाम

मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव हा नवी मुंबईतल्या महाविद्यालयांसाठी गाण्याचा, बोलण्याचा आणि नाटकाचा मुख्य हंगाम असतो. प्रवेशाची धांदल ओसरते न ओसरते तोच सूचना फलकावर चाचणीचा कागद लागतो. भर पावसात विभागीय फेऱ्या होतात, त्यांतून निवडलेले अंतिम फेरीला जातात. तिथे ज्यांचा नंबर लागतो त्यांची पुढे विद्यापीठाच्या संघात वर्णी लागू शकते. या साऱ्या खटाटोपाला विद्यार्थी नुसते ‘यूथ’ म्हणतात. ‘यंदा यूथला काय करतोयस?’ या प्रश्नाचे उत्तर नाट्यसंगीत, मूकनाट्य, कथाकथन, ढोलकी, पाश्चात्त्य समूहगान किंवा रांगोळी यांपैकी काहीही असू शकते. महोत्सवाने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक रंगभूमीचा आणि संगीताचा इतिहास लिहिणारे त्याची दखल चार ओळींत घेतात, हे मात्र त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

नवी मुंबईचा या महोत्सवातला वाटा समजून घ्यायला आधी शहराची मांडणी पाहावी लागते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड (तेव्हाचा कुलाबा) या दोन जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. आजही ऐरोलीपासून वाशी, नेरूळ, बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात मोडतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल रायगडमध्ये. महापालिकाही दोन आहेत: नवी मुंबईची १९९२ पासूनची आणि पनवेलची २०१६ मधली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली उभ्या केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय वाशीत आहे, दाक्षिणात्यांनी १९३२ साली काढलेल्या एसआयईएस संस्थेचे नेरूळला, तर चांगू काना ठाकूर आणि पिल्लई ही महाविद्यालये नवीन पनवेलला. या सगळ्यांचे विद्यापीठ एक, १८५७ सालचे. त्याच्या अधिकारक्षेत्राची एक कड मुंबईत आणि दुसरी सिंधुदुर्गात. त्यामुळे सावंतवाडीकडचा दशावताराच्या संस्कारातला मुलगा, जाखडी पाहत वाढलेली चिपळूणची मुलगी आणि वाशीच्या सेक्टरमधल्या इमारतीत गिटार शिकलेला विद्यार्थी अंतिम फेरीत एका छताखाली येतात. असा योग शहरातल्या दुसऱ्या कुठल्या सांस्कृतिक उपक्रमात सहसा येत नाही.

महोत्सवाचा हा साचा मूळचा मुंबईचा नाही. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने १९५४ साली दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरवला. निरनिराळ्या प्रांतांतल्या तरुणांनी एकमेकांची गाणी-नृत्ये पाहावीत, असा त्यामागचा सरळ हेतू होता. पुढे मधला काही काळ खंड पडला आणि १९८०च्या दशकात भारतीय विद्यापीठ संघाने ही धुरा उचलली. आज विभागीय आणि राष्ट्रीय महोत्सव याच संघाच्या नियमावलीवर चालतात. संगीत, नृत्य, वाङ्मयीन स्पर्धा, नाट्य आणि ललित कला असे तिचे पाच भाग आहेत. महाराष्ट्रात राजभवनाच्या पुढाकाराने ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सव सुरू झाला आणि विद्यापीठाच्या फेरीनंतर राज्याची आणखी एक पायरी तयार झाली. मुंबई विद्यापीठाने या साच्यात स्वतःची भर घातली. नाट्यसंगीत, कथाकथन आणि एकपात्री अभिनय यांना इथे मान आहे, आणि बोलण्याच्या स्पर्धा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत होतात.

संगीताच्या भागातली सर्वांत अवघड स्पर्धा शास्त्रीय गायनाची. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमाने गायकाला सादरीकरणासाठी सुमारे पंधरा मिनिटे मिळतात आणि सोबत दोन साथीदार घेता येतात. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट खाते, हे लक्षात घेतले की पंधरा मिनिटांत ख्याल मांडणे म्हणजे काय ते कळते. ख्यालगायनाचा जीव बढतीत असतो. स्वर हळूहळू उलगडत वरच्या षड्जाला पोचायचे, मग बोल, मग तान. इथे मात्र मोजक्या आवर्तनांत सारे आटपून द्रुत बंदिशीलाही जागा ठेवावी लागते. म्हणून जाणते शिक्षक विलंबित लय थोडी चढी ठेवतात, किंवा मध्यलयीतली झपतालातली बंदिश निवडतात, आणि राग असा घेतात की ज्याचे अंग पहिल्या दोन वाक्यांत दिसावे. ही तडजोड आहे हे खरे, पण वाया जाणारी नाही. तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत अख्खा राग उभा करणाऱ्या गवयांचीच ही परंपरा आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे गायक एकाच गटात गातात. नेरूळ-वाशीच्या दाक्षिणात्य वस्तीत वाढलेली मुलगी वर्णम आणि कृती गाते, तेव्हा समोरच्या परीक्षकाला त्या पद्धतीत गती असेलच असे नाही. दोन पद्धतींना दोन स्वतंत्र गट देणे हा यावरचा उपाय आहे आणि त्याला पैसाही फारसा लागणार नाही.

शास्त्रीय संगीताच्या बाबतीत नवी मुंबईकडे एक असे ठिकाण आहे ज्याची माहिती शहरातल्याही पुष्कळांना नसते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक ते विशारद आणि पुढे अलंकार, या ज्या परीक्षांची प्रमाणपत्रे मराठी घरांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेली दिसतात त्या याच मंडळाच्या. मंडळाचे संगीत विद्यालयासह मोठे केंद्र वाशीत आहे. वर्षातून दोन सत्रांत होणाऱ्या या परीक्षांचे हिवाळी सत्र आणि महाविद्यालयीन हंगामाचा उत्तरार्ध एकाच सुमारास येतात. यूथच्या गायन-वादनात उतरणाऱ्या मुलामुलींची पूर्वतयारी महाविद्यालयात क्वचितच झालेली असते. ती मंडळाच्या परीक्षांना बसवणाऱ्या सोसायटीतल्या, गल्लीतल्या क्लासांत झालेली असते. बक्षीस आले की फलकावर नाव महाविद्यालयाचे लागते, आणि दहा-बारा वर्षे हात धरून सरगम घोटून घेणारी बाई किंवा गुरुजी प्रेक्षकांतही नसतात. विद्यापीठाच्या बाजूने पाहिले तर त्याचा स्वतःचा संगीत विभागही जुना आहे. अशोक दा. रानडे यांच्यासारखा संगीतशास्त्रज्ञ त्याच्या पहिल्या पर्वात संचालक होता, आणि शास्त्रीय, लोक, नाट्य, भक्ती अशा सगळ्या संगीताकडे सारख्याच गांभीर्याने पाहावे, ही दृष्टी त्यांच्या लेखनातून मराठीत रुजली.

सुगम गायनात चित्रपटगीत चालत नाही. हा नियम वरवर जाचक वाटतो, पण त्याने मोठे काम केले आहे. अभंग, भावगीत, गझल, भजन यांतूनच निवड करायची असल्याने अठरा वर्षांच्या मुलांना जुन्या भावगीतांचा साठा धुंडाळावा लागतो. समूहगानातही सिनेमाला मज्जाव आहे. तिथे सहा गायक आणि साथीला तिघे, एवढ्या मनुष्यबळात प्रादेशिक भाषेतले गाणे उभे करायचे असते. पाश्चात्त्य एकल व समूहगानाचा प्रवाह वेगळाच. त्याची पाळेमुळे ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांच्या गायनवृंदांत आहेत. चार सुरांत गाण्याची सवय रविवारच्या प्रार्थनेतून लागलेली असते आणि ती ऐकताना ओळखू येते.

लोकवाद्यवृंद ही यूथमधली सर्वांत गर्दीखेचक गोष्ट. बारापर्यंत वादक, सात ते दहा मिनिटे, आणि त्यात संबळ, हलगी, ढोलकी, दिमडी, चौंडके, तुणतुणे, टाळ, तुतारी अशी वाद्ये. ढोलकी-दिमडीची सवाल-जवाबाची जागा आली की सभागृह उभे राहते. यामागची खरी डोकेदुखी प्रेक्षकांना दिसत नाही. हंगाम पावसाळ्यात आणि वाद्ये चामड्याची. हवेतल्या दमटपणाने पुडी सैल पडते आणि आवाज बसतो. हलगी, डफ शेकून चढवावे लागतात, म्हणून नाट्यगृहामागे आडोसा पाहून कागद पेटवणारी पोरे आणि त्यांच्यावर ओरडणारा सुरक्षारक्षक हे दृश्य ठरलेले. त्यात शेकून चढवलेले वाद्य वातानुकूलित सभागृहात गेले की पुन्हा वेगळेच वागू लागते. वाजवायची वेळ आणि शेकायची वेळ यांचा हिशेब जमणे ही या स्पर्धेतली निम्मी लढाई आहे.

लोकसंगीताच्या बाबतीत एक उणीव ठळक आहे. ज्या ९५ गावांवर शहर उभे आहे त्यांतल्या आगरी समाजाकडे धवल्याची परंपरा आहे. लग्नात धवलारीण विधींच्या क्रमाने गीते गाते. बाई गातेही आणि पौरोहित्यासारखे कार्यही चालवते, अशी ही दुर्मीळ गोष्ट आहे. ही गीते मुख्यतः कंठावर चालतात, लांब असतात, संथ असतात. लोकवाद्यवृंदाला वाद्ये हवीत, समूहगानाला दहा मिनिटांत चढणारी लय हवी, सुगम गायनाला एकच सुटे गीत हवे. धवला यांतल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. परिणामी शहरातल्या महाविद्यालयांच्या मंचावर कोळीनृत्य भरपूर दिसते, कारण त्याला ठेका आहे आणि रंग आहेत, आणि धवला मात्र जवळच्याच गावठाणात राहतो. विद्यापीठाची कालिना परिसरातली लोककला अकादमी गण-गवळण, बतावणी, पोवाडा, गोंधळ, भारूड यांचे रीतसर शिक्षण देते. प्रकाश खांडगे, गणेश चंदनशिवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोककलावंतांना विद्यापीठाच्या वर्गात आणून बसवले. तसे काही धवल्याबाबतही करता येईल, आणि त्यासाठी नवी मुंबईतल्या महाविद्यालयांइतके जवळचे दुसरे कोणी नाही.

बोलण्याच्या स्पर्धांकडे वळले की चित्र संमिश्र दिसते. वक्तृत्वाला साधारण पाच मिनिटे. इथे साचेबंदपणा सर्वाधिक आहे. सुरुवातीला कवितेचा तुकडा, मधे आवाज चढवून दोन प्रश्न, शेवटी हात उंचावून घोषणा. पाठांतर चोख असते आणि विचार दुसऱ्याचा असतो. वादविवादात एकाच महाविद्यालयाचे दोघे उतरतात, एक विषयाच्या बाजूने आणि दुसरा विरुद्ध. त्यामुळे तालमीतच दोन्ही बाजू तपासाव्या लागतात, आणि म्हणून वक्तृत्वापेक्षा ही स्पर्धा कधीही सरस. कथाकथनाला मराठीत भक्कम पूर्वपरंपरा आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथा सांगून हा प्रकार लोकप्रिय केला. लिहिलेली कथा सांगताना तिचे वाक्य आखूड करावे लागते, पात्रांचे आवाज वेगळे ठेवूनही नक्कल टाळावी लागते, हे त्यांच्या सादरीकरणातून पुढच्यांना कळले. यूथमधले बरेच स्पर्धक मात्र कथाकथन आणि एकपात्री यांची सरमिसळ करतात आणि खुर्चीभोवती नाचू लागतात.

एकपात्रीचा विषय निघाला की मराठवाडा विद्यापीठाचे नाव घ्यावेच लागते. तिथल्या नाट्यशास्त्र विभागातले प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या आणि हा प्रयोग देशोदेशी गेला. विद्यापीठाच्या वर्गात शिकवणाऱ्या माणसाने रंगमंचावर एवढे मोठे काम केल्याची दुसरी उदाहरणे शोधावी लागतात. आज युवा महोत्सवात एकपात्रीला उभा राहणारा प्रत्येक मुलगा कळत-नकळत त्याच वाटेने चाललेला असतो. प्रहसन म्हणजे स्किट हा आणखी एक लाडका प्रकार. दहा मिनिटे, सहा कलाकार, नेपथ्य जवळजवळ नाही. राजकारण आणि मोबाइल यांवरच्या विनोदांनी तो अलीकडे एकसुरी झाला आहे. मूकनाट्याला त्याच्या निम्मा वेळ मिळतो, आणि शब्द नसल्यानेच कदाचित त्यात कल्पकता अधिक दिसते.

खरी ताकद लागते ती एकांकिकेला. यूथ हा तिच्या हंगामाचा एक थांबा झाला. त्याच्या पुढेमागे आयएनटीची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, ‘लोकसत्ता’ची लोकांकिका, पनवेलचा अटल करंडक अशी रांग असते, आणि वर्षभरात पहिली आलेल्या एकांकिकांची चतुरंगची ‘सवाई’ प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगते. महाविद्यालये एकांकिका ‘बसवतात’. लेखक-दिग्दर्शक बहुधा माजी विद्यार्थी असतो, दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारा. तालीम जिन्यात, गच्चीवर, जिमखान्यात, वॉचमन दिवे घालवेपर्यंत. बॅकस्टेजची मुले लेव्हल्स स्वतः ठोकतात, रंगवतात आणि टेम्पोत घालून स्पर्धेच्या ठिकाणी नेतात. नेपथ्य लावायला मिळतात ती मोजकी मिनिटे. त्यात प्रकाशयोजना तपासायची, ध्वनी जुळवायचा आणि तिसऱ्या घंटेला पडदा उघडायचा. वेळ ओलांडली की गुण जातात. या शिस्तीतून गेलेले पोर पुढे मालिकेच्या सेटवर किंवा व्यावसायिक नाटकात गेले की गोंधळत नाही. मुंबईतल्या मराठी नटांच्या दोन पिढ्या या मुशीतून निघाल्या आहेत. विद्यापीठाने या शतकाच्या आरंभी वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली नाट्यकला अकादमी काढून पूर्णवेळ शिक्षणाची सोय केली, तरी आजही नाटकाकडे वळणाऱ्या बहुसंख्य मुलांचा पहिला वर्ग महाविद्यालयाची गच्ची हाच आहे.

नवी मुंबईच्या संघांना अंतराचा फटका बसतो. अंतिम फेऱ्या मुंबईत असल्या की पनवेलचा संघ पहाटेच्या हार्बर लोकलने निघतो. तबल्याची पिशवी रॅकवर, पेटी दोन सीटच्या मधे, पोशाखांची गाठोडी दारात. कुर्ल्याला उतरून पुढे कालिनापर्यंत रिक्षा. फोर्टला जायचे तर थेट गाडी, पण गर्दी तीच. संघात निवडल्या गेलेल्यांना विद्यापीठाच्या नियमांनुसार वाढीव गुणांची सवलत मिळू शकते. तेवढ्यासाठी कोणी दीड महिना घसा फोडणार नाही, पण हजेरीवरून कटकट करणाऱ्या घरच्यांची आणि प्राध्यापकांची समजूत घालायला ती कामी येते.

शहरातल्या अभिमत विद्यापीठांचे गणित आणखी निराळे. नेरूळचे डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचे एमजीएम यांसारखी अभिमत विद्यापीठे मुंबई विद्यापीठाच्या फेऱ्यांत येत नाहीत. त्यांना आंतरविद्यापीठ स्तरावर आपापला संघ थेट पाठवता येतो. त्यांचे स्नेहसंमेलन आणि फेस्टिव्हल हिवाळ्यात, पिल्लई समूहाचा ‘अलेग्रिया’ही त्याच सुमारास. या उत्सवांत प्रायोजक, नामांकित गायक आणि डीजे येतात, आणि स्पर्धा बाजूला पडतात. नेरूळच्या डी. वाय. पाटील संकुलातल्या स्टेडियमवर तर २०१७ साली जस्टिन बीबर, २०१९ साली यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये तीन रात्री कोल्डप्ले गाऊन गेले. नवी मुंबईचे नाव संगीताच्या बातम्यांत झळकले ते या मैफलींमुळे. तो एका रात्रीचा, तिकिटाचा व्यवहार आहे आणि तसा असण्यात गैर काही नाही. पण त्याच शहरातल्या मुलांच्या संबळवादनाला किंवा एकांकिकेला शेजारच्या सोसायटीतला माणूसही आलेला नसतो, हा विरोधाभास डोळ्यांत भरतो.

या हंगामाचा मोठा दोष हाच आहे. सारे काही स्पर्धेसाठी होते. समोर बसतात ते परीक्षक, प्रतिस्पर्धी महाविद्यालये आणि आपल्या संघासाठी ओरडणारे मित्र. निकाल लागला की समूहगान संपले, वाद्यवृंद विखुरला, कथाकथनाची वही कपाटात गेली. एकांकिकेला निदान पाच-सहा स्पर्धांचे आयुष्य असते, बाकीच्या प्रकारांचा प्रयोग एकदाच किंवा फार तर तीनदा होतो. परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधून गायचे आणि बोलायचे, ही सवय लागते ती इथेच. रसिकासमोर गाताना कुठे थांबायचे, श्रोता कंटाळला हे कसे ओळखायचे, पडलेला विनोद कसा सावरायचा, हे शिकायला खुला प्रेक्षक लागतो, आणि तो या मुलांना मिळत नाही.

त्यासाठी नवीन इमारती बांधायची गरज नाही. वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीचा पाया घालणाऱ्या भाव्यांचे नाव त्याला दिलेले आहे. पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, शेजारच्या शिरढोणात जन्मलेल्या आद्य क्रांतिवीराच्या नावाचे. वाशीत गांधर्व मंडळाचे केंद्र आहे. दोन्ही महापालिकांनी दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत या नाट्यगृहांच्या काही संध्याकाळी सवलतीच्या भाड्यात महाविद्यालयांना द्याव्यात. त्या वर्षी यूथमध्ये गाजलेले ख्याल आणि नाट्यगीते, समूहगान, लोकवाद्यवृंद, कथाकथन आणि दोन एकांकिका असा सलग कार्यक्रम माफक तिकीट लावून शहरापुढे ठेवावा. परीक्षक बोलावू नयेत, वेळेची घंटा वाजवू नये. गावठाणातल्या धवलारणीला त्यात सन्मानाने एक संध्याकाळ द्यावी आणि मानधन द्यावे. आणि नवी मुंबईकरांनी त्या तिकिटाचे पैसे काढून पहिल्या रांगेत येऊन बसावे.